ओट्यात चिणलेला वीरगळ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना, ते वर्षांत सांगता येणार नाही. मला घडवलं तेव्हा भिंतीवर कॅलेंडरं लटकत नव्हती. आज मी कुठे आहे ते मात्र नेमकं सांगू शकतो. आज मी सिमेंटच्या ओट्यात आहे, आणि मला हलता येत नाही.

तुम्ही म्हणाल, दगडाला हलायचं असतं कुठे? खरं आहे. पण उभं असणं वेगळं आणि अडकलेलं असणं वेगळं. ते तुम्हाला पटावं म्हणून तर ही गोष्ट सांगतोय.

बेळगावहून काकतीच्या अंगाने पुढे आलं की महामार्ग सोडून एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. गावाच्या पाटीला आजवर दोनदा डांबर फासलं गेलंय, एकदा ह्यांनी आणि एकदा त्यांनी, तेव्हा नाव राहू दे. गावात कलमेश्वराचं देऊळ आहे, देवळापुढे ओटा आहे, आणि त्या ओट्यातून मी वर आलेलो आहे. कंबरभर पाण्यात माणूस उभा असतो ना, तसा. फरक एवढाच, की पाण्यातला माणूस कधीतरी काठावर येतो.

माझ्यासारख्या दगडाला वीरगळ म्हणतात. गावासाठी लढताना कुणी पडलं, की त्याच्या आठवणीसाठी असा दगड उभा करत. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत चित्रं आहेत. सगळ्यांत वर चंद्र आणि सूर्य. त्यांच्याखाली महादेवाची पिंड आणि पुजारी. त्याखाली दोन अप्सरा एका तरुणाला दंडाला धरून स्वर्गात नेताहेत. आणि त्याखाली तोच तरुण ढाल-तलवार घेऊन लढतो आहे. त्याच्या मागे गाई आहेत. मला ओट्यात चिणल्यावर तो कमरेपर्यंतच दिसू लागला, गाईंची नुसती शिंगं दिसू लागली. बाकीचं सिमेंटमध्ये गेलं. आणि गाईंच्या पायांखाली, माझ्या अगदी तळाशी, दोन ओळी कोरलेल्या आहेत. मित्रांनो, मला खरं तर त्या दोन ओळींसाठीच घडवलं होतं.

तो तरुण राजा नव्हता की सरदार नव्हता. गावची गुरं रानात चरायला गेली होती, ती चोरांनी वळवून नेली. हा मागे धावला. गुरं परत आली, तो आला नाही. मग त्याच्या आईने मला खाणीतून आणवलं. पाथरवट मला घडवत होता तेवढे दिवस ती रोज समोर येऊन बसायची. माझ्यावरचा भुगा पदराने पुसायची. मुलगा जेवायला बसला की कपाळावरचे केस मागे सारतात ना, तसा तिचा हात फिरायचा. शेवटच्या दिवशी पाथरवटाने तळाच्या दोन ओळी कोरल्या. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "ह्यात त्याचं नाव कुठे आहे?" त्याने तिचं बोट धरून पहिल्या ओळीच्या सुरुवातीला टेकवलं. ती बराच वेळ तसंच बोट धरून बसली होती.

ती कुठल्या भाषेत बोलली, हे आज लोक मला विचारतील. मला आठवतं ते एवढंच, की ती हळू बोलली.

त्यानंतर माझी कामाची वर्षं सुरू झाली. सुरुवातीला लोक येऊन ओळी वाचत, मुलांना सांगत. मग वाचणारे कमी झाले. अक्षरांची वळणं बदलली आणि माझी अक्षरं तशीच राहिली. शेवटी कुणालाच ती लागेनात. पण लोकांनी मला सोडलं नाही. ते मला देव म्हणू लागले. कुणाची गाय व्याली, की पहिल्या दुधाचा चीक आधी माझ्या डोक्यावर ओतायचे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "पयल्यापासनं हाय," म्हणायचे. यात्रा आली की मला तेल, शेंदूर. पुढे पुढे चंदेरी ऑइलपेंट. त्या रंगाने माझी चित्रं इतकी गुबगुबीत झाली की अप्सरांना नाकं उरली नाहीत. मी रागावलो नाही. प्रेमाने रंगवत होते. यात्रेचे दोन दिवस मी देव असायचो, उरलेलं वर्षभर क्रिकेटचा स्टंप.

आणि मग तो दिवस आला.

चौतीस वर्षं झाली त्याला. कुठल्याशा ऑफिसातून दोन माणसं आली. त्यांनी माझा खालचा भाग धुतला, ओला कागद चिकटवला, त्यावर शाई थोपटली आणि ओळींचा ठसा घेऊन गेली. जाताना कुणाशी बोलली नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं. कारण ती गेली आणि चावडीवर एकच वाक्य फिरू लागलं: "आपल्या देवावर कन्नड अक्षरं हायत म्हणं."

तुम्ही ह्या भागात राहत नसाल तर तुम्हाला ह्यात घाबरण्यासारखं काय, ते कळणार नाही. इथे गाव कुणाचं, ह्यावरून मोर्चे निघतात, बसच्या काचा फुटतात. इथल्या लोकांना वाटलं, आता हा दगड पुढे करून उद्या कुणीतरी म्हणणार, बघा, गाव मुळापासून तुमचं नव्हेच. मग मुलांची मराठी शाळा बंद करतील. मग पाटी बदलेल. भीतीला काय, एका बोटाला धरून दुसरी येते.

तेव्हा परशराम सव्वीस वर्षांचा होता. तरुण मंडळाचा पुढारी. अंगाने दणकट, मनाने हळवा. तोच एका दुपारी चार पोरं, वाळू आणि सिमेंट घेऊन आला. आधी त्याने माझ्यापुढे डोकं टेकलं. "देवा, माफ कर. गावासाठी करालोय," म्हणाला. मग त्यांनी माझ्याभोवती ओटा बांधला. ओळी झाकल्या, गाईंचे पाय झाकले, त्या पोराचे गुडघे झाकले. कमरेपर्यंत आल्यावर कुणीतरी म्हणालं, "बास. देव दिसू दे वर." संध्याकाळी परशरामने ओट्यावर पाणी मारलं, सिमेंट चांगलं धरावं म्हणून. सलग आठ दिवस मारत होता. एवढ्या मायेने मला कुणी कोंडलं नसतं.

मित्रांनो, सिमेंटच्या आत कसं असतं सांगू? तिथे ऊन पोचत नाही. वारा नाही. यात्रेचा ढोल वरच्या अर्ध्या अंगाला ऐकू येतो, खालच्या अर्ध्याला नुसता हादरा बसतो. आजूबाजूला सगळीकडून घट्ट धरलेलं, आणि ते धरणं कधी सैल होत नाही. मी वाट पाहायचो, पण कशाची ते पुढे पुढे मलाही नीट आठवेना. चौतीस वर्षं मी अशी काढली.

गेल्या वर्षी गावच्या मराठी शाळेत एक नव्या बाई आल्या. स्वराली बाई. बेळगावातल्या अनगोळच्या. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या. कायम नोकरी नव्हे, अतिथी शिक्षिका. म्हणजे दर वर्षी पुन्हा नेमणूक व्हायची, आणि गावाने तक्रार केली की नाही व्हायची. स्कूटीवरून यायच्या, आणि उतरल्या की आधी रस्त्याकडे बघायच्या, मुलं कुठल्या बाजूने चालताहेत ते. पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे होता. मुलं अकरा.

एकदा बिसीऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, झाल्यावर त्या अकराही मुलांना घेऊन माझ्यापाशी आल्या. सावली बघून बसवलं. एकदा मोजलं. मग म्हणाल्या, "आज इतिहासाचं पुस्तक दप्तरात राहू दे. हा दगड म्हणजे आज आपला साक्षीदार. साक्षीदाराला काय करतात?"

"मारतात," ओमकार म्हणाला.

"ते पिक्चरमध्ये. आपण प्रश्न विचारायचे. आणि नियम एकच. दिसतंय ते आधी सांगायचं, वाटतंय ते नंतर. दोन्ही एकात मिसळायचं नाही. कोण सांगतं, काय दिसतंय?"

"देव."

"देव हे वाटतंय. दिसतंय काय?"

मुलं पुढे सरकली. मला सांगताना अजून कसंतरी होतं. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी *बघितलं* नव्हतं. हात जोडले होते, चेंडू मारले होते, पण बघितलं नव्हतं. आता अकरा नाकं माझ्या अंगाला लागली.

"बाई, तलवार!"

"बाई, ह्या बायका त्येला धरून न्यालेत. पोलीस हायत काय?"

"बाई, ही शिंगं. म्हस हाय."

"म्हशीचं असं नसतंय रं, आमच्याकडं हाय की म्हस. गाय हाय ती."

आणि मग एका मुलीने मान वाकडी करून ओट्याकडे पाहिलं. तिचं नाव नीलम. परशरामची नात. बारीक अंगाची, केसांना दोन रिबिनी, बोलायच्या आधी ओठ मुडपणारी.

"बाई," ती म्हणाली, "ह्येचं पाय कुठं हायत?"

बाई वाकल्या. बोटाने सिमेंटच्या कडेवर खरडलं. मग त्यांनी एकदम हात मागे घेतला, तापलेल्या तव्याला लागावा तसा. त्यांच्या लक्षात आलं असावं, ओटा मागाहून आलाय, दगड आधीचा आहे.

"हा चांगला प्रश्न आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्याचं उत्तर दगड देणार नाही. माणसं देतील. तर गृहपाठ. घरातल्या मोठ्या माणसाला ह्या दगडाबद्दल तीन प्रश्न विचारायचे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचं."

दुसऱ्याच दिवशी सकाळी परशराम त्यांना देवळापाशी आडवा आला. आता साठीचा, गुडघ्याने अधू, देवस्थान कमिटीवर. बाईंनी स्कूटी थांबवली.

"बाई, तुमी शिकल्यालं हायसा. पुस्तकातलं शिकवा. दगडाचं पाय शोधायला पोरांस्नी लावू नकासा."

"मी फक्त बघायला सांगितलं, काका."

"बघितलं की इचारतेत. इचारलं की बाहीर जातंय. पेपरवाली येतेत, मग दोन्ही बाजूची येतेत, झेंडं घेऊन. तुमी सांजच्याला अनगोळला जाणार. आमची पोरं हितंच ऱ्हाणार. तवा कोण बघणार त्यांच्याकडं?"

बाईंनी शाळेकडे चाललेल्या मुलांकडे बघितलं. त्या घाबरल्या होत्या, आणि नोकरीपुरत्याच घाबरल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बरं. पुन्हा नाही आणणार इकडे."

"आणि आता काय ऱ्हातंय बी न्हाय बघायला. बेस्तरवारी ग्रॅनाइट यायला लागलंय. ओटा आणिक फूटभर वर घेणार हाय. त्येला भिंतीत बसवून टाकतोय. वरनं टाइल्स. झकास दिसंल."

मित्रांनो, मी ऐकत होतो. भिंतीत बसवणार. म्हणजे तलवारही नाही, अप्सराही नाही, चंद्र-सूर्यही नाही. कमरेपर्यंत होतो तो डोक्यापर्यंत जाणार. बेस्तरवार म्हणजे गुरुवार. मधे एकच दिवस होता.

बाईंनी शब्द पाळला. पाचवीचा वर्ग पुन्हा आला नाही. पण गृहपाठ तर आधीच दिलेला होता.

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, परशराम नेहमीसारखा ओट्यावर येऊन बसला. नीलम वही घेऊन आली आणि मांडी घालून शेजारी बसली.

"आज्जा, तीन प्रश्न हायत. लिवून न्यायचं हाय."

"इचार."

"पयला. हा दगड तुम्ही किती वर्सांपासनं बघालाय?"

"जलमल्यापासनं. लिव."

तिने लिहिलं. "दुसरा. ह्येचं पाय कुणी झाकलं?"

समोरून अक्काताई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. ती परशरामच्या वयाची, जिभेची तिखट. चालता चालताच बोलली, "सांग की रं नातीला. तुझ्याशिवाय कोण झाकणार? आठ दिस पाणी मारत होतास. बायकूला घागरभर आणून दिलं नसंल कधी."

नीलम हसली नाही. पेन्सिल धरून वाट पाहत राहिली.

"मी झाकलं," परशराम म्हणाला. "लिव. त्येच्यावर खाली अक्षरं हुती म्हणून झाकलं."

"तिसरा प्रश्न मग ह्योच. काय लिवलं होतं?"

"कन्नड लिवलं होतं."

"ती भाषा झाली, आज्जा." ती ओठ मुडपून म्हणाली. "लिवलं काय होतं?"

मी चौतीस वर्षं सिमेंटमध्ये होतो, पण त्या घडीला माझ्यापेक्षा परशरामच जास्त अडकला होता. तो नातीकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग ओट्याच्या कडेकडे.

"आम्हाला शाळंत हाय की कन्नड," नीलम म्हणाली. "तुम्हाला बी येतंय. दुकानात बोलतासा. तुम्ही वाचला न्हाय काय?"

"न्हाय."

"कुणी वाचलं?"

"कुणीच न्हाय गं."

तिने तेही लिहिलं. सावकाश, अक्षर अन् अक्षर. 'कुणीच वाचलं नाही.' वही मिटून ती घरी गेली. परशराम मात्र दिवा लागेपर्यंत बसून होता. उठताना त्याने हात माझ्या खांद्यावर ठेवला, आधारासाठी ठेवावा तसा, आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

बुधवारी ओट्यावर कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष महादेव, पस्तिशीचा, बेळगावात नोकरीला जाणारा, मोबाइलवर टाइल्सचे फोटो दाखवत होता. परशराम म्हणाला, "ग्रॅनाइट बसवायच्या आदी समोरची बाजू उकरायची. तळापतोर."

महादेवने मोबाइल खाली ठेवला. "अण्णा, तुम्हीच बुजवलासा, आता तुम्हीच उकरणार?"

"व्हय. दुसरा असता तर त्येला लाज वाटली असती. मला न्हाय."

"आणि नको ते निघालं म्हंजे?"

"निघू दे. काय हाय ते आदी कळू दे, मग बुजवायचं काय ते बघू. न वाचताच बुजवलंय म्या. नात इचारती, काय सांगू तिला?"

"उद्या पेपरात आलं, दोन्हीकडची येऊन हितं बोंबललीत, तर?"

"तर मी हाय की हितं बसल्याला."

वाद बराच झाला. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला झालंय काय. कुणी म्हणालं, बघू तरी. शेवटी महादेव म्हणाला, "एक दिवस. गुरुवारी उकरा. काय वाईट निघालं, तर शुक्रवारी टाइल्स."

गुरुवारी गवंडी भरमू छिन्नी आणि लाकडी हातोडा घेऊन आला. परशराम स्वतः शाळेत जाऊन बाईंना आणि पाचवीला घेऊन आला. बाईंनी मुलांना दोरीच्या मागे उभं केलं, कपच्या डोळ्यांत उडतील म्हणून. पुन्हा मोजलं. अकरा.

भरमू चांगला कारागीर. हातोडा मोजून मारत होता. पहिल्यांदा गाईंची तोंडं निघाली, मग पाय. त्या पोराचे गुडघे निघाले. एक पाय पुढे टाकलेला. मुलं ओरडली, "पाय हाय! पळत हाय त्यो!" मित्रांनो, चौतीस वर्षांनी माझ्या खालच्या अंगाला वारा लागला. मला वाटलं, आता दोन ओळी, की सुटलो.

दुसरी ओळ अख्खी निघाली. पहिलीही निघाली. पण पहिल्या ओळीच्या सुरुवातीला अक्षरं नव्हती. तिथे आठ खळगे होते. खोल, तिरके, एकमेकांशेजारी.

भरमू थांबला. "ह्ये सिमेंटनं न्हाय झाल्यालं. टाचे मारल्यात हितं, छिन्नीनं. प्लास्टर धरावं म्हणून मारतेत तसं."

परशराम खाली बसला. त्याचा गुडघा वाकत नव्हता, तरी बसला.

"मीच," तो म्हणाला. "गुळगुळीत हुता. सिमेंट धरंना. म्हणून."

मी ते टाचे विसरलो नव्हतो. पण ते बरोबर कुठे बसलेत, हे मलाही आता, उजेडात, पहिल्यांदा दिसलं.

बाईंनी ओळींचे फोटो काढून त्यांच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना पाठवले. तोवर मुलं अक्षरं ओळखायला लागली होती. दोरी केव्हाच मागे राहिली होती. "ह्यो ग हाय." "ह्यो न. वाकडा हाय, खरं न च हाय." कन्नडच्या तासाला ज्यांना उठाबशा काढाव्या लागत ती पोरंही पुढे होती. दुपारी उत्तर आलं. बाईंनी आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचायला घेतलं.

"सुरुवातीची अक्षरं नाहीत. तिथे नाव असणार, असं सर म्हणतात. पुढे: 'गावची गुरं सोडवून आणताना पडला. त्याची आई नागब्बे हिने हा दगड उभा केला.'"

"एवढंच?" महादेवने विचारलं.

"एवढंच."

"आणि गाव कुणाचं, राजा कोण, ते?"

"ते लिहिलेलं नाही."

"मंजे बाई," ओमकार म्हणाला, "ह्या दगडावर फक्त गाईंनी हक्क सांगायचा."

लोक हसले. महादेवही हसला आणि मग त्याने मान खाली घातली. चौतीस वर्षं ज्याला सगळे घाबरले, ते एका आईचं दोन ओळींचं म्हणणं होतं. परशराम हसला नाही. तो त्या आठ खळग्यांवरून अंगठा फिरवत होता.

शुक्रवारी टाइल्स आल्या. ओटा फूटभर वर गेलाच. ठरलेलं काम गावात थांबत नाही. पण मला भिंतीत घेतलं नाही, आणि माझ्यापुढची दोन हात जागा खोल मोकळी ठेवली. कुठलं मूल आत पडू नये म्हणून बाईंनी आग्रह करून वर लोखंडी जाळी बसवून घेतली. तेव्हा मी अजून अडकलेलोच आहे, मित्रांनो. दोन्ही बाजूंना सिमेंट, पुढे जाळी, पाठीला ओलं देऊळ. फक्त समोरून उजेड येतो. पेपरातही आलं, पण आतल्या पानावर, चार ओळी. झेंडे घेऊन कुणी आलं नाही. अजून तरी नाही. बाई रोज येताना रस्त्याच्या टोकाकडे एकदा बघतात, आणि मीही बघतो.

पाचवीने माझ्या ओळींचा एक तक्ता केला. वर मूळ अक्षरं, खाली मराठी. बाईंनी त्या जुन्या ठशाची चौकशी केली होती, पण तो कुठल्या ऑफिसात गेला तेच कळलं नाही. पहिल्या जागी काय लिहायचं, ह्यावरून वर्गात भांडण झालं. कुणी म्हणे सुंदरसं नाव घालू, कुणी म्हणे 'वीर' घालू. तक्ता घेऊन मुलं ओट्यावर आली आणि परशरामलाच विचारलं.

"मोकळंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आणि त्येच्या खाली लिवा, की नाव परशराम गवळी ह्येनं घालवलं. न वाचता. साल बी घाला."

"आज्जा, तुमचं नाव?" नीलम म्हणाली.

"व्हय. माझं. बाईंनी सांगितलंय न्हवं, दिसतंय ते लिवायचं."

तसं लिहिलं. मोकळ्या जागेसकट तो तक्ता आता शाळेत आहे.

बाईंची नेमणूक यंदा पुन्हा झाली. जूनमध्ये नवी पाचवी आली. मुलं नऊ. परशराम काठी टेकत आला, कुणी बोलावलं नव्हतं. जाळी उचलली, मुलांना एकेक करून खाली उतरवलं आणि म्हणाला, "हितं एका पोराचं नाव हुतं. म्या घालवलं. का घालवलं ते सांगतो, बसा." एका लहानग्या मुलीने विचारलं, "आज्जा, हे सांगायला तुमाला कसंतरी होत न्हाय?" तो म्हणाला, "होतंय की." आणि सांगू लागला.

मित्रांनो, ते नाव मला ठाऊक आहे. त्याच्या आईने उच्चारलेलं मी ऐकलंय. पण मी आता ते तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मोकळी जागा भरून टाकाल, आणि मग ती कशी मोकळी झाली हे कुणी विचारणार नाही. म्हणून सांगत नाही.

तुमच्या गावात, वेशीवर, तळ्याच्या काठी, एखादा माझ्यासारखा दगड असेल. त्याला रंग लावू नका, त्याच्यावर चुना मारू नका. त्याची अक्षरं कुठल्या भाषेतली आहेत, हे विचारून झालं, की तिथेच थांबू नका. खाली बसा. ऊन तिरकं असताना बसा, तेव्हा खोल रेषा दिसतात. अक्षरं लागली नाहीत तर ज्याला लागतात त्याला आणा.

आणि आमच्या गावी आलात तर माझ्या जाळीपाशी या. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आठ खळगे आहेत. पाचवीतल्या मुलांची बोटं त्यांत बरोबर बसतात. एकेक मूल येतं, बोट ठेवतं आणि थोडा वेळ तसंच उभं राहतं. मोठ्यांची बोटं बसत नाहीत, तरी परशराम रोज ठेवून बघतो.